किटली बरोबर आली की

रज्जाकभाईंनी भाड्याचा टेम्पो आमच्या ऑफिसच्या दारात आडवा लावून घेतला आणि आत येऊन विचारलं, "ताई, मशीन कुठंय?"

रज्जाकभाई घोडेगावचे, जनावरांचे व्यापारी. त्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. त्यावर एक चित्र होतं. गाई-म्हशींना टेम्पोत चढवण्यासाठी चाकांवरचा लोखंडी उतारा, निळा रंग, खाली सिमेंटच्या कोब्यावर पडलेली त्याची सावली. कोपऱ्यात आमच्या ऑफिसचं नाव आणि एमआयडीसीतला पत्ता.

"ते अजून झालेलं नाही," मी म्हटलं.

"विकलं व्हय?"

"विकलं नाही. बनलंच नाही अजून. श्रीरामपूरला साळवेदादांचा कारखाना आहे, तिथं बनणारे."

त्यांनी मोबाईलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग फोटू कुणाचा काढला?"

आतल्या टेबलावरून माझा नवरा सुधीर हसायला लागला. "रज्जाकभाई, बसा आधी. आमच्या बाईसाहेब बाळ जन्मायच्या आधीच बारशाचे फोटो काढतात."

"अन् म्या टेम्पोवाल्याला काय सांगू? सकाळधरनं बसवून आणलाय त्याला."

"त्यालाही बोलवा. चहा घेऊ दे."

रज्जाकभाई चहा प्यायले, उताऱ्याची दोन मापं बदलायला सांगून गेले आणि पुढे तो उतारा तयार झाल्यावर पहिला नग त्यांनीच नेला. पण त्यांचा प्रश्न माझ्याजवळ राहिला. माझ्या कामाबद्दल इतका नेमका प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारलेला नाही.

मी नसलेल्या वस्तूंचे फोटो काढते. व्यवसायात याला रेंडरिंग म्हणतात. यंत्र बनवण्याआधी ते संगणकात उभं केलं जातं, एकेका पाइपासह, एकेका नटबोल्टसह. त्याला मॉडेल म्हणतात. ते काम सुधीरचं. मॉडेल अचूक असतं पण निर्जीव दिसतं, एकाच राखाडी रंगाचं. मग ते माझ्याकडे यायचं. हे लोखंड, हे रबर, हा रंगवलेला पत्रा, असं मी एकेका भागाला सांगायचं. उजेड कुठून येतो ते ठरवायचं. कॅमेरा कुठं ठेवायचा ते ठरवायचं. मग सॉफ्टवेअर हिशोब करतं, की या बाजूने आलेला प्रकाश या पत्र्यावर पडून कुठं जाईल, किती विरेल, सावली किती गडद पडेल. हिशोब चालू असताना चित्र आधी रवाळ दिसतं, वाळू उडाल्यासारखं. हळूहळू ते निवळत जातं. गढूळ पाणी निवळताना पाहावं तसं मी ते पाहत बसायचे. इतकी वर्षं हे काम केलं, पण ते पाहण्याचा कंटाळा कधी आला नाही.

आम्ही दोघंच होतो. एक खोली, दोन टेबलं, मध्ये पुस्तकांचं कपाट. कपाटात वरच्या फळीवर यंत्रांची, खालच्या तीन फळ्यांवर माझी, कथा-कादंबऱ्यांची. चित्र निवळेपर्यंत वाचायला वेळ मिळतो म्हणूनच तू हा धंदा निवडलास, असं सुधीर म्हणायचा. त्यात थोडं तथ्य होतं.

नव्या माणसाला वाटतं की सुंदर चित्र देईल ते सॉफ्टवेअर चांगलं. तसं नसतं. सुंदर चित्र आता सगळीच देतात. यंत्रं बनवणाऱ्याने वेगळ्या गोष्टी बघायच्या असतात. आपलं मॉडेल ते जसंच्या तसं उघडतं का, की गोलाई तुकड्यातुकड्यांची दिसते? गिऱ्हाइकाने माप बदललं, मॉडेल बदललं, तर आधी लावलेले रंग आणि उजेड जागेवर राहतात की सगळं पहिल्यापासून करावं लागतं? आपल्या संगणकाला झेपतं का? आणि धातू धातूसारखा दिसतो का? हा शेवटचा प्रश्न सुधीरचा. तो म्हणायचा, सगळ्या सॉफ्टवेअरना प्रत्येक धातूचा क्रोम करायची हौस असते. बिडाचा भाग असो की घासलेला पत्रा, आरशासारखा लखलखतो, आणि गिऱ्हाईक खूश होतं. मग खरं यंत्र आल्यावर त्याचं तोंड उतरतं.

म्हणून त्याने एक परीक्षा ठरवली होती. कोणतंही नवं सॉफ्टवेअर आलं की त्यात पहिल्यांदा किटली टाकायची.

किटली म्हणजे कोल्हारच्या घरची दुधाची किटली. अ‍ॅल्युमिनियमची, झाकणाची, तारेच्या कडीची. सुधीर शाळेत असताना सकाळी तीच सायकलला अडकवून डेअरीत दूध घालायला जायचा. एकदा प्रवरेच्या पुलाच्या उतारावर सायकल घसरली. दूध गेलं, किटलीच्या पोटाला पोचा पडला आणि सुधीरच्या कपाळाला डाव्या भुवईच्या वर खोक पडली. दोन्ही खुणा तशाच राहिल्या. पुढे स्टीलची भांडी आली तेव्हा सासूबाईंनी किटली मोडीत घातली. तिचा एकही फोटो नव्हता. भांड्यांचे फोटो कोण काढतं?

सुधीरने ती आठवून संगणकात उभी केली. मापासाठी आईला फोन लावला होता. तो मोठ्याने बोलायचा, म्हणून मला दोन्हीकडचं ऐकू यायचं.

"आई, आपली दुधाची किटली केवढी होती गं?"

"दहा लिटरची."

"तसं नाही. उंचीला."

"दोन इती. माझ्या हाताच्या, तुझ्या न्हाई. का रं, गावली का काय?"

"नाही. बनवतोय."

"दूध कुठंय आता घालायला," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

अ‍ॅल्युमिनियम हा चित्रात आणायला सगळ्यांत अवघड धातू आहे, असं माझं मत झालं आहे. ते चमकतं पण मिरवत नाही. वापरातल्या भांड्याची चमक तर आणखी मंद, राखेने घासून घासून आलेली, एका दिशेला ओढल्यासारखी. एका सॉफ्टवेअरमध्ये किटली चांदीची दिसायची. दुसऱ्यात प्लास्टिकला रंग दिल्यासारखी. सुधीर खुर्ची ओढून माझ्या मागे बसायचा, बघायचा आणि म्हणायचा, "नाही. ही बाजारातली. बरोबर आली की आईला दाखवू."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की ते मला आमच्या घरचं एक साधं वाक्य वाटायला लागलं होतं, पाऊस थांबला की जाऊ, यासारखं.

गेल्या वर्षी आमचं जुनं सॉफ्टवेअर बंद झालं. बनवणाऱ्यांनी ते पुढे चालवायचं नाही असं ठरवलं. नवं घेणं भाग होतं. चाळणी लावून दोन उरली. खरी नावं सांगत नाही. आम्ही एकाला फटाफट म्हणायचो, दुसऱ्याला सावकाश. फटाफट वेगळं चालणारं होतं. कुठल्याही प्रकारची फाईल टाका, रंग ओढून सोडा, हात उचलायच्या आत चित्र तयार. सावकाश सुधीरच्या मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसायचं, त्याच्याशिवाय चालत नव्हतं, आणि एका चित्राला दुपार घ्यायचं. मला फटाफट आवडलं होतं. त्याचा कल सावकाशकडे होता.

"गिऱ्हाईक थांबत नाही रे आता," मी म्हणायचे.

"तुलाच वाचायला वेळ मिळेल."

"चष्म्याचा नंबर वाढलाय माझा."

"मग मोठ्या टायपाची पुस्तकं आणू."

दोन्ही तीन-तीन महिने वापरून बघायला घेतली होती. किटलीची परीक्षा घ्यायची राहिली होती. त्या हिवाळ्यात एका सकाळी सुधीर आंघोळ करून बाहेर आला, खुर्चीत बसला, पाणी दे म्हणाला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. एक प्रसंग लिहिते, कारण तो या कामाशी जोडलेला आहे. दहाव्याला कोल्हारला चौकात फ्लेक्स लागला होता. त्यावरचाच फोटो फ्रेम करून घरात ठेवला होता. सासूबाई बराच वेळ त्या फोटोसमोर बसून होत्या. मग मला हाक मारून म्हणाल्या, "ह्याच्या कपाळावरची खूण कुठं गेली?"

मी पाहिलं. भुवईच्या वर कातडी गुळगुळीत होती. गालांवरच्या रेषाही गेल्या होत्या. फ्लेक्सवाल्याला विचारलं, तर तो बिचारा अजिजीने म्हणाला, "डाग होता काकू, काढून टाकला. त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत." त्याने आपल्या परीने चांगलंच केलं होतं. मीही आयुष्यभर गिऱ्हाइकांच्या यंत्रांची चित्रं वेल्डिंगच्या डागांशिवाय करत आलेली. मी त्याला काय बोलणार? फोटो बदलून आणते, असं मी सासूबाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. किती येळा त्यालाच काढायचं न् लावायचं."

ऑफिस मी दीड महिन्यानंतर उघडलं. पहिला फोन साळवेदादांचा. श्रीरामपूरचे साळवेदादा आमचे सर्वांत जुने गिऱ्हाईक. लोखंडाच्या धंद्यातला माणूस, पण बोलणं चर्चमध्ये बोलावं तसं हळू. आजारी पडून बसलेल्या गाईला उभं करायची चौकट सुधीरने त्यांच्यासाठी केली होती: चाकांवरचे दोन खांब, मध्ये पट्टे, बाजूला फिरवायचा दांडा. त्याचं हे शेवटचं पूर्ण मॉडेल. कृषी प्रदर्शनासाठी त्याची चित्रं हवी होती. पण आधी एक बदल होता. होल्स्टीन गाई अंगाने मोठ्या असतात, म्हणून चौकटीच्या दोन पायांतलं अंतर वाढवायला हवं होतं.

"वहिनी, तुम्हाला जमणार नसेल तर राहू द्या," साळवेदादा म्हणाले. "मी बाहेरून बघतो कुणी."

"बघते मी," म्हटलं.

मॉडेल करणं माझं काम नव्हतं. पण सुधीरच्या टेबलाशी बसले आणि फाईल उघडली. मॉडेलच्या डाव्या बाजूला त्याच्या घडणीचा क्रम दिसतो: आधी काय काढलं, त्यावर काय चढवलं, कुठं भोक पाडलं, कुठली धार गोल केली. बहुतेक लोक त्या पायऱ्यांना नावं देत नाहीत. सुधीर द्यायचा, मराठीत. 'पाय' असं लिहिलेल्या पायरीवर मी अंतर बदललं. पाय सरकले, त्यांच्यामागे वरची आडवी नळी लांब झाली, पट्टे ताणले गेले, भोकं आपापल्या जागी जाऊन बसली. कुठंच काही तुटलं नाही. त्याने सगळं एकमेकांना बांधून ठेवलं होतं, पुढे कुणी हात लावला तर यंत्र मोडू नये म्हणून.

साळवेदादांना बदललेलं चित्र पाठवलं. दोन दिवसांनी ते स्वतः आले, येताना घरच्या लिंबांची पिशवी घेऊन. चहा पिताना त्यांनी विषय काढला.

"वहिनी, राग मानू नका. मॉडेल आता तुम्ही बाहेरून करून घ्यावीत. साहेबांच्या सॉफ्टवेअरचं भाडं कशाला भरता दरवर्षी? ते फटाफट का काय म्हणता ते घ्या. त्याला काय, कुणाचीही फाईल चालते."

"आणि त्याची मॉडेलं?"

"ती राहतील की. साध्या फाईलीत काढून ठेवायची."

त्यांचं बरोबर होतं. साध्या फाईलीत काढलेलं मॉडेल आकाराने तंतोतंत तेच असतं. पण त्याचा क्रम जातो. नावं जातात. एक माप बदललं तर बाकीचं सरकत नाही. आमच्या धंद्यात त्याला मुकं मॉडेल म्हणतात. सुधीरच्या मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरची मुदत महिनाअखेरीला संपत होती. ते सोडून नुसतं फटाफट घेतलं असतं तर त्याची सगळी मॉडेलं मला मुकी करून ठेवावी लागली असती. सावकाश घेतलं तर ती जशीच्या तशी राहणार होती, पण एकटीच्या कमाईत दोन भाडी आणि दुपारभर चालणारी चित्रं.

"विचार करते," मी म्हटलं.

"करा. पण मनाचा नका करू, धंद्याचा करा," साळवेदादा म्हणाले, आणि मग आपल्याच बोलण्याचं वाईट वाटल्यासारखे लिंबं टेबलावर काढून ठेवत बसले.

मी शेवटी सावकाश घेतलं. साळवेदादांनी कारण विचारलं तेव्हा, "धातू चांगला दिसतो," एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण पुरतं कारण तेवढंच नव्हतं.

ठरवण्याआधी, साळवेदादा येऊन गेले त्या आठवड्यात, राहिलेली परीक्षा मी घ्यायला बसले. किटलीची फाईल उघडली. बूड, पोट, गळा, कान, झाकण, कडी, पोचा. एवढ्याच पायऱ्या. क्रमाच्या खाली एक आडवी रेघ असते. ती धरून वर सरकवली की मॉडेल तेवढं मागे जातं. मी रेघ वर नेली. पोचा गेला, कडी गेली, झाकण गेलं, आणि शेवटी रिकाम्या पडद्यावर एक वर्तुळ उरलं. मग हळूहळू खाली आणली. किटली पुन्हा घडत गेली, त्याने घडवली होती त्याच क्रमाने, आणि अगदी शेवटी गुळगुळीत पोटाला पोचा पडला. बाहेर दुपारची पाळी सुटल्याचा भोंगा झाला. मी फाईलमध्ये काही न बदलता चित्रं करायला लावली, आधी फटाफटमध्ये, मग सावकाशमध्ये. फटाफटचं लगेच आलं. सावकाशचं निवळेपर्यंत मी नेहमीसारखं पुस्तक उघडलं होतं, पण पान उलटलं नाही.

दोन्ही चित्रं चांगली होती. खरं सांगायचं तर मला ठरवता येईना. मी ती किटली कधी पाहिलेलीच नव्हती. माझ्या लग्नाच्या आधीच ती मोडीत गेलेली. बरोबर आली की नाही, हे सांगणारा माणूस माझ्या मागच्या खुर्चीत नव्हता. आता एकच माणूस उरलं होतं.

मी दोन्ही चित्रांच्या मोठ्या प्रती छापून घेतल्या, जाड कागदावर, आणि मनमाड रस्त्याच्या एसटीने कोल्हारला गेले.

सासूबाई पडवीत लसूण सोलत बसल्या होत्या. मी पाया पडले, पाणी प्याले आणि काही न सांगता पहिलं चित्र, फटाफटचं, त्यांच्यापुढे धरलं. हात पदराला पुसून त्यांनी ते घेतलं.

"कुणाची गं ही?"

"ओळखा."

"चांगली हाय. नवी हाय. कुणी घेतली?"

चकाकीत पोचा त्यांच्या नजरेतून सुटला होता. मी ते बाजूला ठेवलं आणि दुसरं दिलं. कागद त्यांनी मांडीवर घेतला, मग उजेडाकडे तोंड करून बसल्या आणि परत पाहिला. कागदावर पालथा हात ठेवून पाहिला, भांडं गरम आहे का बघतात तसा.

"कुठं गावली?"

"गावली नाही आई. सुधीरनं केलीय. संगणकात."

"कवा?"

"झाली तीन-चार वर्षं. तुम्हाला फोन केला होता बघा, उंची विचारायला."

"व्हय. दोन इती." त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणली आणि कागदावरच्या किटलीवर ठेवली, मग ती चित्रात लहान आहे हे लक्षात येऊन हात आवरला. "मंग मला दावली का न्हाई त्यानं?"

"बरोबर आली की दाखवू म्हणायचा."

त्या चित्राकडे बघत राहिल्या. रज्जाकभाईंचा प्रश्न आता त्या विचारतील, असं मला वाटलं. वस्तू नाही, तर फोटो कुणाचा? पण त्यांनी तो विचारला नाही. किटलीच्या पोटावर, पोचा पडला होता तिथं, त्यांनी बोट ठेवलं. चित्रात तिथं उजेड थोडा साचलेला होता आणि कडेला मंद काळी सावली होती. आत बैठकीच्या भिंतीवर हार घातलेला सुधीरचा फोटो दारातून दिसत होता, गुळगुळीत कपाळाचा. त्यांनी एकदा तिकडे पाहिलं आणि बोट न उचलता म्हणाल्या,

"हितं ऱ्हायली व्हय."

मी मान हलवली. त्यांना ते दिसलं नसावं.

थोड्या वेळाने मी विचारलं, "फ्रेम करून आणू का? त्याच्या शेजारी लावू."

"तिथं नको. किटली भिंतीवर असती का बैठकीत?" त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या. "आत ये. खिळा अजून हाय तिथं."

फळीच्या खाली, माझ्या खांद्याच्या उंचीवर, भिंतीत एक जाड खिळा होता. घरात येऊन मला इतकी वर्षं झाली. त्यावर मी कधी गाळणं, कधी पिशवी अडकवली होती. तो कशासाठी ठोकलेला आहे, हे कधी विचारलं नव्हतं. सासूबाईंनी पिशवी काढून माझ्या हातात दिली. मी कागदाच्या वरच्या बाजूला भोक पाडलं, किटलीच्या कडीच्या जरा वर, आणि चित्र खिळ्याला अडकवलं.

"सरळ हाय का?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मंग ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या, आणि पडवीत जाऊन पुन्हा लसूण सोलायला बसल्या.